आगमनकाळ: चार मेणबत्त्या, आणि त्याआधीचा अंधार

सांजदिवा

नमस्कार मंडळी.

२९ नोव्हेंबर २०२६ ला आगमनकाळाचा, म्हणजे नाताळची वाट पाहण्याच्या चार आठवड्यांचा (अ‍ॅडव्हेंटचा), पहिला रविवार आहे. पुढचे तीन ६, १३ आणि २० डिसेंबरला. नाताळ शुक्रवारी, म्हणजे यंदा आगमनकाळ २६ दिवसांचा. (कमीत कमी २२, जास्तीत जास्त २८. पहिला रविवार नेहमी संत अंद्रियाच्या सणाला, म्हणजे ३० नोव्हेंबरला, सगळ्यात जवळचा असतो.)

घरी आगमनचक्र मांडून रोज संध्याकाळी प्रार्थना कशी करावी, यासाठी हा धागा. अ‍ॅडव्हेंट रीथला (हिरव्या पाल्याचं गोल, त्यात चार मेणबत्त्या) 'पुष्पचक्र' म्हटलं की आपल्याकडे श्रद्धांजली डोळ्यांसमोर येते, म्हणून मी आगमनचक्र म्हणतो.

कृतीच्या आधी एकच गोष्ट सांगतो, ती सुटली तर बाकी सगळं शोभेचं राहतं. मेणबत्ती लावण्याआधी घरातले दिवे मालवा. सगळे. ट्यूब, टीव्ही, मोबाइल, देवघरासमोरचा झिरोचा बल्ब, बाहेरचा नाताळचा तारासुद्धा. आपल्याकडे १ डिसेंबरपासून माळा लुकलुकायला लागतात आणि त्या झगमगाटात एक मेणबत्ती पेटते. ती दिसतच नाही, मग तिची वाट कोण पाहणार? आगमनकाळाची सगळी रचना उलटी आहे. बाहेर रोज थोडा अंधार वाढतो आणि आत दर आठवड्याला एक ज्योत. अंधार नाकारायचा नाही, त्यात बसायचं आणि त्यात येणाऱ्याची वाट पाहायची.

रोजचा क्रम, साधारण १५ मिनिटं:

१. सूर्य मावळल्यावर, जेवणाआधी. दिवे मालवून दोन मिनिटं गप्प बसा. घड्याळ लावूनच बसा, कारण पहिल्या दिवशी वीस सेकंदांतच कुणीतरी बोलायला लागतं.

२. त्या आठवड्याच्या मेणबत्त्या लावा. पहिल्या आठवड्यात एक, दुसऱ्यात दोन, असं. बऱ्याच घरांत पहिल्या आठवड्यात सर्वात धाकटं मूल लावतं, दुसऱ्यात थोरलं, तिसऱ्यात आई, चौथ्यात वडील.

३. एक छोटं वाचन, आठ-दहा ओळींचं. वाचणाऱ्यानं चक्राजवळ बसायचं, टॉर्च लावायचा नाही.

४. तीन मिनिटं शांतता.

५. प्रत्येकानं एकेका माणसाचं नाव घेऊन मध्यस्थीची, म्हणजे त्या माणसासाठी, प्रार्थना. भाषणं नकोत.

६. प्रभूची प्रार्थना, एक गीत, आणि ज्योती मालवणं. फुंकर नको, त्याबद्दल खाली कुणी जाणकार लिहीलच.

टॉर्च का नको? एक मेणबत्ती एक मीटरवर जेमतेम १ लक्स उजेड देते (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक). तीस सेंटिमीटरवर ११ लक्स. निवांत वाचायला ३०० लागतात. त्यामुळे पहिल्या आठवड्यात वाचणाऱ्याला पुस्तक ज्योतीशी नेऊन, वाकून, एकेक शब्द उलगडावा लागतो, आणि बाकीच्यांचे चेहरे दिसत नाहीत, फक्त आवाज येतो. चौथ्या आठवड्यात त्याच जागी सरळ बसून वाचता येतं आणि समोरची माणसं दिसतात. 'अंधारात चालणाऱ्यांनी मोठा प्रकाश पाहिला' हे यशयाच्या नवव्या अध्यायातलं वचन मुलांना समजावून सांगावं लागत नाही, ती ते डोळ्यांनी पाहतात.

---

मेणवात

फार गरजेचा धागा. मेणबत्त्यांचा हिशोब देतो, कारण दरवर्षी लोक चुकीच्या उंचीच्या आणतात आणि पहिली मेणबत्ती १५ डिसेंबरलाच संपते.

यंदा पहिली २६ संध्याकाळी जळणार, दुसरी १९, तिसरी १२, चौथी ५. रोज १५ मिनिटं धरली तर साडेसहा तास, पावणेपाच तास, तीन तास आणि सव्वा तास. सव्वादोन सेंटिमीटर जाडीची चांगली मेणबत्ती तासाला साधारण अडीच सेंटिमीटर उतरते. म्हणजे पहिली १६ सेंमी संपणार, दुसरी १२, तिसरी साडेसात, चौथी ३.

वाण्याकडच्या पाकिटातली बारीक मेणबत्ती यात टिकत नाही, ती भराभर उतरते आणि वाकतेही. २५ सेंमी उंचीच्या चार घ्या. त्यातले ४ सेंमी वाळूत जातात, म्हणजे नाताळच्या आदल्या रात्री पहिली वर फक्त ५ सेंमी उरते. आणि धोका नेमका तिथेच आहे. तोवर पाला वाळलेला असतो आणि ज्योत त्याच्या अगदी जवळ आलेली असते. म्हणून पहिल्या मेणबत्तीभोवतीचा पाला तिसऱ्या रविवारी काढून टाका, ओली वाळू उघडी राहू द्या.

विकत घेतलेली कशी जळते याची खात्री करायची असेल तर एक जास्तीची आणा, पेन्सिलने खूण करून अर्धा तास जाळा आणि मोजा.

चारही मेणबत्त्या २४ तारखेला वेगवेगळ्या उंचीच्या दिसतात, पायऱ्यांसारख्या. त्या सारख्या करायला अदलाबदल करू नका. किती आठवडे वाट पाहिली ते त्या उंचीतच दिसतं.

ओघळ का येतो, हेही सांगून टाकतो. पंखा. मुंबईत डिसेंबरातही पंखा चालू असतो, वाऱ्यानं ज्योत एका बाजूला झुकते, त्या बाजूची कड वितळते आणि मेण खाली येतं. पंधरा मिनिटं पंखा बंद ठेवा. काजळी धरत असेल तर वात लांब आहे, लावण्याआधी ५-६ मिलिमीटरवर कापा. आणि आतून पांढरी, वरून फक्त जांभळ्या रंगात बुडवलेली मेणबत्ती टाळा. रंगाचा थर आणि आतलं मेण वेगवेगळं वितळतं, ओघळ हमखास.

ज्योत मालवताना: काडीनं किंवा चमच्याच्या दांड्यानं वात वाकवून वितळलेल्या मेणात बुडवायची आणि लगेच सरळ करायची. धूर होत नाही, वातीला मेण लागतं, दुसऱ्या दिवशी चटकन पेटते. आपल्याकडे दिव्याला फुंकर घालत नाहीतच, ती जुनी शिस्त इथे उपयोगी पडते.

---

सुरूबन

चक्र कशावर बांधावं? बाजारात प्लास्टिकचं मिळतं, पण ज्योतीजवळ भीती वाटते.

---

सांजदिवा

प्लास्टिक नकोच, ते वितळतं आणि पेटतं. सगळ्यात भरवशाची आपली स्टीलची परात. तळाला ३० सेंमी व्यासाची, ४ सेंमी वाळू भरली की साडेचार-पाच किलो होते. जड आहे म्हणून कलंडत नाही. वाळू ओली करून घट्ट दाबा, मेणबत्ती फिरवत आत घाला. चार बाजूंना चार आणि मध्ये पाचवीची जागा रिकामी, ती २४ ला लागते. दोन मेणबत्त्यांमध्ये किमान १० सेंमी अंतर, नाहीतर एकीच्या उष्णतेनं दुसरी मऊ होऊन झुकते.

पाला कोणताही चालतो, पण सदाहरित हवा, कारण तोच अर्थ आहे: न सुकणारं जीवन. युरोपात फर असतं, ते इथे शोधत बसू नका. मोरपंखी सगळ्यात टिकाऊ, ओल्या वाळूत देठ खोचले तर आठ-दहा दिवस हिरवी राहते. सुरू दिसायला सुंदर, पण लवकर वाळतो आणि वाळला की काडीसारखा पेट घेतो. तो वापरायचा तर गळून पडलेल्या फांद्याच घ्या, किनाऱ्यावरची लागवड तोडू नका, आणि दर शनिवारी बदला. आंब्याची पानं चालतात, आपल्या दाराची तोरणं त्यांचीच असतात. पाल्याची उंची वाळूपासून २ सेंमीच्या वर जाऊ देऊ नका. परातीखाली पाट, बाजूला पाण्याचा तांब्या.

---

उपासनाक्रम

रंगांबद्दल राहिलं. तीन जांभळ्या, एक गुलाबी, मध्ये पांढरी. जांभळा हा मिस्सेतला (कॅथोलिकांच्या मुख्य उपासनेतला) आगमनकाळाचा रंग, तयारीचा आणि पश्चात्तापाचा. गुलाबी तिसऱ्या रविवारी, ज्याला गौदेते म्हणतात, म्हणजे 'आनंद करा'. अर्धी वाट सरली म्हणून. यंदा तो १३ डिसेंबर, संत लुसीचाही दिवस, जिच्या नावातच प्रकाश आहे.

जांभळ्या मिळाल्या नाहीत तर चारही पांढऱ्या लावा आणि परातीच्या काठाला जांभळी फीत बांधा. मेणबत्तीला फीत कधीच नाही. अनेक प्रोटेस्टंट मंडळ्यांत निळ्या असतात, जर्मनीत घरोघरी लाल. भांडण्यासारखं त्यात काही नाही.

नाताळनंतर नव्हे, आगमनकाळापासूनच उपासनेचं नवं वर्ष सुरू होतं. रविवारच्या वाचनांचा क्रम तीन वर्षांचा असतो, त्यातलं यंदा मार्कचं वर्ष, 'ब'. रविवारची शुभवर्तमानं घरी आदल्या संध्याकाळी वाचली तर मिस्सेत ऐकताना फरक पडतो:

पहिला: मार्क १३:३३-३७, जागे राहा.
दुसरा: मार्क १:१-८, अरण्यातला आवाज.
तिसरा: योहान १:६-८ आणि १९-२८. योहान स्वतः प्रकाश नव्हता, प्रकाशाविषयी साक्ष द्यायला आला होता.
चौथा: लूक १:२६-३८, मरियेला देवदूताचा संदेश.

तिसऱ्यावर जरा थांबा. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा जन्मदिवस चर्च २४ जूनला पाळतं, दिवस कमी व्हायला लागतात तेव्हा. ख्रिस्ताचा, दिवस वाढायला लागतात तेव्हा. 'त्याची वृद्धी व्हावी आणि माझा ऱ्हास व्हावा' हे योहानाचं म्हणणं आणि सूर्याची ही चाल, या दोन्हींची सांगड संत ऑगस्टीननं आपल्या प्रवचनांत घातली आहे.

एक चूक फार ठिकाणी होते. आगमनकाळात मिस्सेत ग्लोरिया म्हणत नाहीत, कारण ते देवदूतांनी नाताळच्या रात्री गायलेलं गीत आहे. अपवाद ८ डिसेंबरचा मरियेचा सण, आणि गोव्यात ३ डिसेंबर, संत फ्रान्सिस झेवियरचा. आल्लेलुया मात्र चालू राहतो, तो प्रायश्चित्तकाळात, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळात, बंद असतो. घरीही नाताळची गाणी २४ च्या संध्याकाळपर्यंत राखून ठेवा. वाट पाहण्याची गाणी वेगळी आहेत.

---

वचनदीप

नम्रपणे एक मुद्दा मांडतो. बायबलमध्ये आगमनचक्र कुठेही नाही. रंग, पाला, परात यांत अडकून वचन मागे पडत नाही ना? आमच्या मंडळीत हे करत नाहीत.

---

उपासनाक्रम

वचनदीप, बरोबर आहे, बायबलमध्ये नाही आणि तो संस्कारही नाही. पण हे ऐकून तुम्हाला बरं वाटेल की ही प्रथा कॅथोलिकांची नव्हे. हॅम्बुर्गमधले लुथरन धर्मशास्त्रज्ञ योहान हिनरिख विखेर्न यांनी १८३९ मध्ये राउहेस हाउस या संस्थेतल्या गरीब मुलांसाठी ती सुरू केली. मुलं रोज विचारत, नाताळ आला का? त्यांनी गाडीचं लाकडी चाक घेतलं, रविवारांसाठी मोठ्या पांढऱ्या मेणबत्त्या आणि मधल्या दिवसांसाठी लहान लाल लावल्या. पाला नंतर आला. जर्मनीतल्या कॅथोलिक चर्चमध्ये ती पोचली १९२५ मध्ये, कोलोनला.

हे मुलांना दिवस मोजायला शिकवण्याचं साधन होतं. चक्र न करता नुसती वाचनं घेतली तरी आगमनकाळ पुरा होतो. वाचनं न घेता नुसतं चक्र केलं तर होत नाही. तुमची भीती खरी आहे.

---

वचनदीप

हे माहीत नव्हतं. धन्यवाद. एक मेणबत्ती आणि यशया, एवढ्यावर आमच्याकडे सहज करता येईल.

---

लीड्सकर

इकडे चारलाच काळोख होतो. दोन अडचणी: भाड्याच्या घरात स्मोक अलार्म, आणि होस्टेलमध्ये मेणबत्तीला बंदी. आणि तिसरी खरी: या काळोखात मन फार खचतं, प्रार्थनेलाही उठवत नाही. काय करावं?

---

मेणवात

अलार्म जळत्या मेणबत्तीनं सहसा वाजत नाही, फुंकर मारल्यावरच्या धुरानं वाजतो. वात मेणात बुडवून मालवा. जिथे बंदी आहे तिथे बॅटरीच्या मेणबत्त्या, त्यात लाज कसली. फक्त चार एकत्र सुरू करू नका, दर रविवारी एक वाढवा, आणि दोन मिनिटांचा अंधार तसाच ठेवा.

---

सांजदिवा

लीड्सकर, तिसऱ्या अडचणीबद्दल आधी शरीराचं. लंडनला सर्वात लहान दिवस पावणेआठ तासांच्या थोडा वर असतो, लीड्सला त्याहून कमी. मुंबईत ११ तास. एवढा फरक शरीराला कळतो. दिवसाउजेडी अर्धा तास तरी बाहेर चाला. हिवाळी उदासीवर डॉक्टर १०,००० लक्सचा दिवा सकाळी वीस-तीस मिनिटं सुचवतात. मनाची ही अवस्था दोन आठवड्यांहून जास्त टिकली, झोप-भूक बिघडली, जगणं नको वाटलं, तर आधी डॉक्टर. ते श्रद्धेचं अपयश नव्हे. मेणबत्तीकडून १०,००० लक्सचं काम मागू नका.

प्रार्थनेला उठवत नाही त्या संध्याकाळी पूर्ण क्रम सोडा. मेणबत्ती लावा, स्तोत्र १३० वाचा, मालवा. चार मिनिटं. त्यात पहारेकरी पहाटेची वाट पाहतो. पहारेकऱ्याला उत्साह लागत नाही, जागं राहणं पुरतं. आणि आशेचे शब्द तोंडातून निघतच नसतील तर स्तोत्र ८८ आहे. मूळ हिब्रूत त्या स्तोत्राचा शेवटचा शब्दच 'अंधार' आहे. तसंच संपतं ते, वर उचलून घेत नाही. तरीही ते पवित्र शास्त्रात आहे, म्हणजे असं बोलणं ही प्रार्थनाच आहे.

---

उपासनाक्रम

लीड्सकर, तुमच्याकडे २१ डिसेंबरच्या आसपास बऱ्याच अँग्लिकन आणि मेथोडिस्ट चर्चमध्ये 'सर्वात लांब रात्री'ची उपासना असते, शोकात असलेल्यांसाठी. झगमगाट नसतो, कुणी हसायला लावत नाही. चौकशी करा.

त्या तारखेला आणखी दोन गोष्टी जुळतात, आणि त्या मला आगमनकाळातल्या सर्वात मोलाच्या वाटतात.

१७ ते २३ डिसेंबर रोज सायंप्रार्थनेत मरियेच्या स्तोत्राआधी 'ओ' नं सुरू होणारं एकेक प्राचीन आवाहन म्हणतात. क्रम असा: हे ज्ञाना (सापिएन्सिया), हे प्रभो (अदोनाय), हे इशायाच्या मुळा (राडिक्स), हे दाविदाच्या किल्ली (क्लाविस), हे उगवत्या सूर्या (ओरिएन्स), हे राष्ट्रांच्या राजा (रेक्स), हे इम्मानुएल. लॅटिन आद्याक्षरं उलटी लावली की 'एरो क्रास' होतं, म्हणजे 'उद्या मी असेन'. पाचवं, उगवत्या सूर्याचं, येतं २१ डिसेंबरला. उत्तर गोलार्धातल्या सर्वात लहान दिवशी चर्च म्हणतं, ये, आणि अंधारात व मृत्युछायेत बसलेल्यांना उजळ.

घरी करायचं तर सात चिठ्ठ्या करा, रोज एक उघडून तीनदा म्हणा. २१ ला शक्य असेल तर हेच पहाटे करा. मुंबईत तेव्हा सूर्य सातनंतर उगवतो, सव्वासहाला बसलात की काळोख असतो आणि प्रार्थना संपेपर्यंत खिडकी उजळते. ऑस्ट्रिया-पोलंडमध्ये आगमनकाळात पहाटेची रोराते मिस्सा मेणबत्त्यांच्या उजेडात होते, तिचंही मर्म हेच.

दुसरी गोष्ट: २१ डिसेंबर हा परंपरेनं संत थोमाचा दिवस. रोमन दिनदर्शिकेत तो १९६९ मध्ये ३ जुलैला गेला, अनेक अँग्लिकन अजून २१ लाच पाळतात. भारताचा प्रेषित, आणि ज्याला पाहिल्याशिवाय विश्वास ठेवता आला नाही असा माणूस, वर्षातल्या सर्वात काळ्या दिवशी.

---

दक्षिणगोल

मेलबर्नला नेमकं उलटं. डिसेंबरात दिवस वाढतात, साडेआठनंतर सूर्य मावळतो. मग अंधाराचा अर्थ काय घ्यायचा?

---

उपासनाक्रम

चांगला प्रश्न. यशयाच्या त्या वचनाला ऋतूचा संदर्भच नाही. जबुलून आणि नफताली ही गालीलकडची भूमी अश्शूरच्या राजानं इ.स.पू. ७३३-७३२ च्या सुमारास जिंकली, माणसं हद्दपार केली. अंधार तो: सैनिकांचे बूट, जोखड, रक्तात लोळलेली वस्त्रं. नवव्या अध्यायात पुढच्याच ओळींत हे आहे. उत्तरेकडच्या हिवाळ्यानं त्याला चित्र दिलं, अर्थ दिला नाही. तुमच्याकडे नऊनंतर करा, किंवा पहाटे पाचला. आणि मध्यस्थीच्या प्रार्थनेत ज्यांच्यावर आज असं जोखड आहे त्यांची नावं घ्या. ते मेलबर्नलाही तितकंच लागू आहे.

---

सुरूबन

मेणबत्त्यांऐवजी पणत्या चालतील का?

---

सांजदिवा

चालतील. भारतातल्या कॅथोलिक उपासनेसाठी १९६९ मध्ये ज्या बारा गोष्टींना मान्यता मिळाली, त्यांत मेणबत्तीऐवजी तेलाचे दिवे आहेतच. चार पणत्या, प्रत्येकीत १० मिली तेल घातलं तर १५ मिनिटांना पुरून उरतं. वात काठाबाहेर ५ मिलिमीटरच ठेवा. मातीची नवी पणती आधी दोन तास पाण्यात भिजवा, नाहीतर तेल पिते आणि खालचा कपडा तेलकट होतो. हो, मेणवात यांनी सांगितलेल्या पायऱ्या मात्र दिसणार नाहीत.

२४ चं पण लिहितो. तारा आधी टांगा, पण लावा त्या संध्याकाळी. नाताळच्या देखाव्यातल्या गोठ्यातली गव्हाण तोवर रिकामी ठेवा. मुलांनी कुणासाठी काही चांगलं केलं की एक काडी गवत तिच्यात, म्हणजे बाळाला अंथरूण तयार होतं. २४ ला चारही ज्योती, मग मधली पांढरी, मग बाळ गव्हाणीत, आणि मगच घरातले दिवे एकेक करून. पांढरी १० जानेवारीपर्यंत, प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत, रोज लावा. १८ संध्याकाळी, साडेचार तास.

---

रात्रपाळी

आठवड्यातले चार दिवस संध्याकाळी सहाला ड्यूटी लागते, सकाळी घरी. एकटीनं करायचं असेल तर?

---

सांजदिवा

ताई, झोपून उठल्यावर करा, दुपारचे तीन असले तरी. जाड पडदे ओढून घ्या, दारापुढे चादर टाका, फटीतून उजेड येतो. एकटीनं असाल तर वाचन मोठ्यानं वाचा, आवाज कानांवर पडायला हवा. मध्यस्थीला त्या रात्री ज्यांच्यासोबत ड्यूटी आहे त्यांची नावं. घाई असेल तर गीत सोडा, वाचन चार ओळींवर आणा. काडी ओढण्याआधीची दोन मिनिटं तेवढी पूर्ण बसा.